तलावावरची शाळा

लातूर,
११ जानेवारी १९८४

प्रिय सिंधु,

अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. दहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. पत्ता मिळवायला धर्माबादच्या एका शिक्षकाला गाठावं लागलं. मिरचीच्या मोंढ्यामागे राहतेस, तुझे यजमान अण्णाराव त्याच बाजारात कामाला आहेत, तू घरी पोरांच्या शिकवण्या घेतेस, एवढं त्याच्याकडून कळलं. शिकवणं सुटलं नाही तर तुझं. ऐकून बरं वाटलं.

माझं सांगते. लातूर आता जिल्हा झालाय. ज्या गल्लीत बघावं तिथं नव्या कचेरीची पाटी, रंगही वाळलेला नसतो. मी इथल्या एका अध्यापक विद्यालयात शिकवते. आमच्या यजमानांचं, मन्मथरावांचं, भुसार मालाचं दुकान आहे. एक मुलगी आहे, दुसरीत. दिवाळीच्या सुमारास मला दिल्लीहून एक जाड पाकीट आलं. फेब्रुवारीत तिथं आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषद आहे आणि बोलायला बोलावलेल्या तज्ज्ञांच्या यादीत जपानच्या, केनियाच्या, इंग्लंडच्या प्राध्यापकांच्या खाली माझं नाव छापलंय, पुढे कंसात लातूर. दुष्काळी कामावरच्या शाळेबद्दल मी एक निबंध लिहिला होता, तो तिथल्या कुणी वाचला. प्राचार्यांनी पेढे वाटले, इथल्या पेपरात फोटो आला. लोक अभिनंदन करत होते आणि मी तो पेपर घडी घालून लपवत होते. तेव्हापासून भाषण लिहायला बसते नि उठते. तिथं कुणी उभं राहून एकच प्रश्न विचारला तर, एवढंच मनात येत राहतं.

कारण त्या निबंधातली शाळा तुझी आहे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात हिमायतनगरजवळच्या पाझर तलावाच्या कामावर, मजुरांच्या पोरांसाठी आपल्या दोघींना पाठवलं होतं. वर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, भोवती नुसता फुफाटा. फळा कुठं आहे म्हणून मी मुकादमाशी हुज्जत घालत बसले आणि तू पोरांना घेऊन भरावाकडे निघून गेलीस. आई किती टोपल्या माती टाकते त्याची बेरीज, खड्डा वितीनं मोजून गुणाकार, हजेरीच्या मस्टरवर आईचं नाव ओळखता आलं की वाचन आलं. फुकट मिळणाऱ्या सुकडीच्या गोड भुकटीसाठी आलेली पोरं सुकडी संपली तरी उठत नव्हती. मी नुसती वहीत टिपत होते. निबंधात मी आधी ‘सिंधुनं’ लिहिलं होतं, मग ‘आम्ही’ केलं, छापायला पाठवताना ‘मी’ झालं. झालं म्हणते बघ अजून. मी केलं.

पण भीती नुसती तेवढ्याची असती तर मी ती गिळली असती. जुलैत विद्यालयात नवीन मुली आल्या. दुसऱ्या बाकावर एक होती, डावा डोळा मिटलेला, पापणी आत ओढलेली. नाव विचारलं तर म्हणाली, “रत्नम्मा.” मी पुढच्या मुलींची नावं विचारलीच नाहीत, डोकं दुखतंय सांगून घरी आले. आपल्या तलावावरची तीच रत्नम्मा. उदगीरला मामाकडे राहून शिकली. पेपरात माझा फोटो आला त्या दिवशी ती मला जिन्यात गाठून म्हणाली, “बाई, तुम्ही आमच्या तलावावर होता न्हाई का? त्या दिवशी छपरात कोण होतं हो? माय म्हणती सिंधुबाई सोडून गेल्या म्हणून असं झालं. मला लई अंधुक आठवून राहिलं. ‘इथंच बसा, आलेच मी’ असं कुणीतरी म्हणलं होतं, पण आवाज कुणाचा ते न्हाई कळत.”

सिंधु, मी म्हणाले, “सिंधुबाईच होत्या.” भर दुपारी, तिच्या चांगल्या डोळ्याकडे बघून. पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, घाबरलेली होते. आता कोणती सबब सांगू?

त्या दिवशी तू पाट्या आणायला नांदेडला गेली होतीस. मीच म्हणाले होते, जा, मी आहे. दुपारी कुणीतरी सांगितलं की बी.एड.च्या निवडीची यादी गावातल्या कचेरीत लागली. मी पोरांना बसा म्हणून सांगितलं आणि निघाले. दोन तास लागले. यादीत माझं नाव होतं. परत आले तेव्हा भरावावर बायांचा कालवा ऐकू आला. जेवणाच्या सुट्टीत पलीकडच्या खाणीत सुरुंग उडवले होते, पोरं बघायला पळाली होती. रत्नम्मा आईच्या मांडीवर होती आणि आईचा पदर रक्तानं भिजला होता.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, शाळा कुणाकडे होती? मी म्हणाले, सिंधुकडे, ती न सांगता गेली. मग तुला बोलावलं. तू माझ्याकडे बघितलंस. माझे वडील त्याच वर्षी गेले होते, घरी आई आणि तीन भावंडं, हे तुला माहीत होतं. तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, “चूक झाली.” आठ दिवसांत तुझी नोकरी गेली. तू एस.टी.त बसलीस तेव्हा मी पोचवायलासुद्धा आले नाही. त्या दिवशी तू मला एक शब्द विचारला असतास तर बरं झालं असतं.

मागच्या पंधरवड्यात रत्नम्माला घरी बोलावून सगळं सांगितलं. ती पाण्याचा पेलाही न उचलता निघून गेली. पाच दिवस तासाला आली नाही. दार वाजलं की वाटायचं, तिचे मामा शिवप्पा आले, आता चारचौघांत माझी अब्रू काढतील. सहाव्या दिवशी ती वर्गाबाहेर उभी होती. म्हणाली, “मायला पत्र घातलं मी. दहा वर्षं तू ज्या बाईला शिव्या देती ती न्हाई, दुसरीच होती म्हणून. बाई, मला तुमचा लई राग हाय. पण तास न्हाई सोडणार.” आणि आत जाऊन बसली. मी पुढचा पाऊण तास कसा शिकवला ते मला सांगता येणार नाही.

मन्मथराव म्हणाले, “दहा वर्षांची गोष्ट. नोकरी जाईल, लोक तोंडात शेण घालतील. कशाला उकरून राहिलीस?” तिसऱ्या दिवशी मी टेबलावर ठेवलेली दोन पाकिटं त्यांनीच उचलली आणि स्वतः जाऊन रजिस्टर करून आले.

त्या पाकिटांसाठीच हे पत्र. एक दिल्लीला गेलंय. नवा निबंध, त्यावर आधी तुझं नाव, आत रत्नम्माच्या डोळ्याची हकीकत. ते मला बोलू देतील की नाव काढून टाकतील, ठाऊक नाही, अजून उत्तर नाही. दुसरं नांदेडच्या शिक्षण विभागाला, माझ्या सहीचं, त्या दुपारी शाळा माझ्याकडे होती असं. म्हणजे चौकशी पुन्हा उघडेल आणि तुला बोलावणं येईल. कागद बघून घाबरू नकोस, तुझ्यावर काही नाही. तिथं तुला तोच प्रश्न विचारतील. मी समोर बसलेली असेन आणि मला माहीत आहे, माझी घाबरगुंडी उडालेली असेल. पोरीचं, घराचं, सगळं माझ्या तोंडावर दिसेल आणि तुला कीव येईल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून आधीच हात जोडून सांगते, सिंधु, माझ्याकडे बघू नकोस. साहेबाकडे बघ आणि जे घडलं ते सांग. या वेळी मला वाचवू नकोस.

तुझीच,
शिवकांता