अंधुक जागी चालणारी लेन्स

ती. आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझ्या डोळ्यांत थेंब कोण घालतं? ताई येते ना?

आज कॅमेऱ्याला जुनी झूम लेन्स घेतली. दुकानदार म्हणाला, "एवढ्या पैशांत नवी मिळेल, पण तिला भरपूर उजेड लागतो. हिचं अ‍ॅपर्चर मोठं आहे, अंधुक जागीही चालते. फोटो कुठे काढणार?"

आमच्या स्टुडिओत तर दिव्यांचा लखलखाट असतो. तरी तोंडून निघून गेलं, "आमच्या स्वयंपाकघरात. आईला फ्लॅश सोसत नाही."

घरी येऊन तीन वर्षं झाली गं. लेन्स घेऊन तडक स्टुडिओच्या मालकांकडे गेलो आणि रजा मागितली. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

तुझाच,
धाकटा