डाव्या गालातलं चिंगम

चि. उर्वशीस, दारव्ह्याहून बाबाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलं, "बाबा, चिंगमच चघळून राह्यले ना? खर्रा नाही ना?" मी म्हटलं, "नाही वं माय." तेवढं खरं होतं. तुही माय तोंडाच्या कॅन्सरनं गेली तवापासून त्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याले हात लावला नाही. तू हैद्राबादहून धाडलेल्या निकोटीनच्या चिंगमवरच इतकी वर्सं काढली.

पण बाई, डाव्या गालात पांढरा चट्टा आला आहे. साधं वरण लागलं तरी पोळते. आगीतून निघून फुफाट्यात पडलो का काय, कोणाले ठाऊक. यवतमाळची डॉक्टरीण म्हणाली, "हा चट्टा जुन्या खर्र्याचा का चिंगमचा, गालातला तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण बाबा, चिंगम अर्ध्या तासानं थुकून टाकत नव्हते काय?"

काय सांगू तिले? खर्रा तर मी जन्मभर, गावभर थुकलो. पोरीनं जीव लावून धाडलेली वस्तू कशी थुकू? गालात धरूनच निजत होतो.

सोमवारी तुकडा काढणार आहेत. हे तुले कळलं तर तू सारा दोष सोताच्या डोक्यावर घेशील. म्हणून हे पत्र टपालाच्या पेटीत टाकत नाही.

पुढच्या महिन्यात तू येशील, ठेचा-भाकर करशील. मी खाईन. डोळ्यात पाणी आलं तर म्हणीन, "हुबेहूब तुह्या मायच्या हातचा झाला."

तुहा बाबा,
देवराव