वल्हेवाल्यांविना जहाज

मुक्काम कोकण

बाबा, तुमाले अन् मायले सप्रेम जयभीम.

मी बरा आहे, जेवण चांगलं भेटते. पण डोकं तापलं आहे.

इथल्या संग्रहालयासाठी मी जुन्या लढाऊ जहाजाचा लाकडी नमुना बनवून राह्यलो. काल साहेब म्हणाले, "वल्हेवाले काढून टाक. त्यांच्यामुळे सरदार दिसत नाहीत."

म्या म्हटलं, "साहेब, जहाज काय सरदाराच्या मिशीनं चालत होतं?" वादळात खपले वल्हेवाले, अन् काचेच्या पेटीत एकटा सरदार?

साहेब रागानं निघून गेले. काम जाणार नाई, काळजी नका करू.

आपल्या डोंग्याले डांबर लावलं का? खोकला असताना वैनगंगेत एकटे वल्हं मारत नका जाऊ.

वल्हेवाले म्या काढले नाई. पहिल्याचं तोंड तुमच्यासारखं झालं आहे, बाबा. तुमाले कसा उतरवू?

तुमचा प्रफुल