रक्तातली सूज आणि मागची खोली

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
चिमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझं म्हणजे वहिनींच्या अक्षरातलं. हात थरथरतो म्हणून तू सांगतोस आणि त्या लिहितात, हे मला कळतं. तुला पार्किन्सन आहे हे ऐकलं तेव्हा रडून घेतलं, आता त्यावर काही म्हणत नाही. पण एका पानात तीनदा 'मी मजेत आहे'? लहानपणी काच फोडलीस की असंच एक वाक्य धरून बसायचास. म्हणून विचारते, हे वाक्य तुझं की लिहिणारीचं?

दुसरं. थरथरतो हात, मग रक्त कशाला काढलं? आणि रक्तात सूज म्हणे! पाय सुजतो, डोळा सुजतो, रक्त कसं सुजेल? गिरणीत जन्मभर कापडाचे ताके तपासले मी. दोष दिसला की आधी विचारायचं, हा धागा आला कुठून. तसंच विचारते, तुझ्या पोटात जातं काय? ताजं असतं ना सगळं? मी कुणाचं नाव घेत नाही. स्वयंपाकघर एक आणि तिथं उभी राहणारी बाई एक, एवढंच म्हणते.

निदान एक ओळ स्वतःच्या हातानं लिही, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल. लोभ असू दे, संशयाचं माझं मी बघते.

तुझी
चिमी


दि. ११ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

अगं बाई, तुझं पत्र तुझ्या वहिनीनंच मला वाचून दाखवलं. 'कुणाचं नाव घेत नाही' इथं थांबून तिनं चष्मा पुसला आणि पुढं वाचलं. आताही मी सांगतोय आणि तीच लिहितेय, तेव्हा जपून बोलतो.

सुजेचं ऐक. शरीरात कुठं सूज किंवा जळजळ असली की रक्तात काही द्रव्यं वाढतात. माझ्या आजाराच्या काही लोकांत ती जास्त सापडतात, काहींत नाही. सूज आधी की आजार आधी, की दोघं नुसते शेजारी, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, म्हणून इथल्या इस्पितळात त्याचा अभ्यास चाललाय. माझा आकडा थोडा वर आहे. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो गुडघ्यानं वाढेल, सर्दीनं वाढेल, किडक्या दातानंही वाढेल. नुसत्या रक्तावरून आजार आहे की नाही ते ठरत नाही. तेव्हा स्वयंपाकघरावर धाड घालू नकोस.

तुलनेसाठी त्यांना आजार नसलेली भावंडंही हवी आहेत. तुझ्या वहिनीनं तुझं नाव दिलंय. रक्त द्यायचं, आणि डॉक्टरीणबाई जरा तपासतील. येशील ना?

खालची ओळ माझ्या हातची. मुंग्या चालल्यासारखी दिसेल.

चिमे, छळू नकोस, ये.

दादा


दि. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी ओळ भिंग धरून वाचली. तुझीच आहे. बरं वाटलं, आणि अक्षर बघून रडूही आलं. आपल्या किल्ल्यांच्या दुकानाची पाटी तू एका दमात रंगवली होतीस.

पण माझं नाव वहिनींनी का दिलं? 'राहा आणखी चार दिवस' असं मला कधी दोनदा न म्हणणाऱ्या बाईला अचानक माझ्या रक्ताची आठवण कशी झाली? मागच्या खेपेचंच सांगते. मी स्वयंपाकघरात पेपर वाचत होते, शेगडीवर दूध. वहिनी दुकानातून धावत आल्या, शेगडी बंद केली. पातेलं कोळसा झालेलं. आता कुठलीही बाई चार शब्द सुनावते की नाही? या मात्र हळूच म्हणाल्या, वन्सं, तुम्हाला वास नाही आला? आणि माझ्याकडे बघत राहिल्या. दूध करपल्यावर जी बाई रागावत नाही, तिच्या मनात काहीतरी शिजतंय हे नक्की.

निघताना बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या, त्या माझ्या मागून चालत. बरोबर चला म्हटलं तर म्हणे, तुम्ही व्हा पुढं. चमचे पळवलेत की काय मी?

येते. रक्त द्यायला नाही, घर बघायला.

तुझी
चिमी


दि. १२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पाकिटावर मुद्दाम फक्त तुझं नाव घातलंय. तू एकटा वाच.

खरं ते खरं. तुझी तब्येत चांगली आहे, गालावर मांस आहे, औषधं वेळेवर मिळतात. वहिनी किल्ल्या घासायच्या यंत्रावर तुझ्यासारख्याच भुवया चढवून बसतात, हेही पाहिलं. तेवढ्यापुरते माझे शब्द मागे घेते.

पण मागच्या खोलीला कुलूप का? दोनदा दाराशी जाऊन उभी राहिले. आत काय आहे विचारलं तर वहिनी म्हणाल्या, अडगळ आहे, किल्ली हरवलीय. अरे, किल्लीवाल्याच्या घरात किल्ली हरवते? ही थाप पचण्यासारखी आहे का? भाडेकरू ठेवणार असतील तर सरळ सांगा.

आणि ते इस्पितळ! रक्त घेतलं, ठीक. मग डॉक्टरीणबाईंनी मला बोटं चिमटीसारखी उघडमीट करायला लावली, लांब व्हरांड्यात चालवलं. मग वासाच्या बाटल्या आणल्या. एकेक हुंगायची आणि कशाचा वास ते सांगायचं. दादा, बाटल्या रिकाम्या होत्या! एकजात सगळ्या. मी तसं तोंडावर सांगितलं, जन्मभर माल तपासलाय, मला गंडवू नका. डॉक्टरीणबाई नुसतं लिहीत बसल्या. वहिनी तर उठून खिडकीशीच गेल्या, माझ्याकडे पाठ करून. हसत असणार. दोघींचं आधीपासून संगनमत आहे, लिहून ठेव.

लोभ तुझ्यापुरता आहेच.

चिमी


दि. २९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

हे माझं मी लिहितोय, थांबत थांबत. तेव्हा भिंग घेऊन बस.

आधी गंमत. तुझ्या रक्तातली सूज माझ्यापेक्षा जास्त निघाली! आता तुझ्या स्वयंपाकघरात कोण उभं असतं ते सांग बघू. दात दुखतोय हे लपवलंस ना? जेवताना एकाच बाजूनं चावत होतीस. आधी दात दाखव, मग रक्त पुन्हा तपासू असा निरोप आहे. आणि डॉक्टरीणबाईंना तुला परत नीट बघायचंय. दातासाठी नव्हे.

चिमे, बाटल्या रिकाम्या नव्हत्या. मीही हुंगल्या होत्या त्या. मलाही रिकाम्याच वाटल्या.

तुझी वहिनी हसत नव्हती गं.

दादा

ता. क. प्रिय वन्सं, स. न. वि. वि. यांच्या पत्राखाली जागा उरली म्हणून लिहिते. यांचा वास गेला तेव्हा मी थट्टा केली. चालताना एक हात हलेना, तेव्हा वयाला बोल लावला. आजार नंतर कळला. मग मागच्या खेपेला तुम्ही करपणाऱ्या दुधाशेजारी पेपर वाचत बसलात. रस्त्यात मागून चालले ते तुमचा डावा हात बघायला. तो हलत नव्हता. 'तुम्हाला काहीतरी झालंय' असं मी म्हटलं असतं, तर तुम्ही मला उभं केलं असतंत का? इस्पितळाला भावंडं हवी होती हे खरंच. तुमचं नाव मात्र मी मुद्दाम दिलं. डॉक्टरीणबाईंना तेवढंच म्हटलं होतं, नीट बघा. रागावा, पण या.


दि. २४ एप्रिल

वहिनी,
स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला. दादाला हवं तर वाचून दाखवा.

दात काढला. आतून पार सडलेला होता. त्यानंतर तुम्हाला न कळवता तुमच्याकडच्या इस्पितळात परस्पर जाऊन आले. पुन्हा रक्त तपासलं, आकडा झटकन खाली. म्हणजे सूज दाताची होती आणि मी उगाच खूश झाले. मग डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं की रक्त काहीही म्हणो, बोटं मंद झालीत, डावा हात आखडलाय, वास गेलाय. सुरुवात आहे, दादाच्याच आजाराची. लवकर कळलं हे बरं, औषध आहे, व्यायाम आहे, असं त्या बरंच बोलल्या. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनाकडे बघत होते.

घाबरले आहे मी, वहिनी. कुणाला म्हटलेलं नाही, तुम्हाला म्हणते. घरी येऊन दूध ठेवलं आणि वर येईपर्यंत त्याच्याकडे टक लावून उभी राहिले. नाकावर विसंबायची सोय उरली नाही. मग आठवलं, तुमच्या घरी कुणीतरी धावत आलं होतं.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हापासून मी तुमच्यावर नजर ठेवून आहे. दोष शोधणं माझं कामच. आणि तुम्ही एकदाच माझ्याकडे निरखून पाहिलंत तर नेमका सापडला! याचा राग येतो, खरं सांगते.

आता एकच संशय उरलाय. मागच्या खोलीत अडगळ नाही. मेच्या दुसऱ्या गुरुवारी येते आहे, बोचकं थोडं मोठं असेल. खोली आधीच झाडून, पडदे लावून तयार दिसली, तर कट जुना आहे असं मी समजेन.

तुमची
वन्सं


दि. २८ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

आरोप मान्य आहे. तुमची तपासणी व्हायच्या आधीच ती खोली तुमच्यासाठी काढली होती, आजार निघो न निघो. तुम्ही दाराशी उभ्या राहून आत काय आहे विचारत होता, तेव्हा आत भिंतींचा रंग ओला होता. वास घरभर पसरला होता. तुम्ही ओळखाल म्हणून मी घाबरले होते, आणि तुम्ही ओळखलं नाहीत तेव्हा जास्त घाबरले.

किल्ली सोबत पाठवते. मी यंत्रावर क्षणात काढून दिली असती, पण यांनी हट्टानं कानशीनं घासली, हात थरथरायचा थांबेल तेव्हा थोडी थोडी. जरा वाकडी झालीय. कुलपात फिरवताना थोडी हलवावी लागते, मग लागते. दुसरी कुणाजवळ नाही, खात्री करून घ्या.

दूध मी बघेन. लोभ होताच, आता तपासून घ्यायला या.

तुमची
वहिनी