वत्सलाबाईंनी झाकलेला दिवा

बोरगाव,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय करुणा,

जय भीम. सौंसरला घरी सगळे मजेत. होस्टेलचं जेवण सुधारलं नसेल तरी पोटभर खात जा.

फोन सोडून हा माणूस चिठ्ठी काहून लिहून राहिला, म्हणशील. फोनवर मी भडकतो, नाहीतर अर्धी गोष्ट गिळतो. रविवारी तू आईजवळ आपल्या लग्नाची गोष्ट काढणार. त्याआधी हे तुझ्या हाती पडलं पाहिजे. माझी बहीण नेहा उद्या नागपूरला येऊन राहिली, तिच्याजवळ देतो.

आधी बातमी. माझा दिवा पास झाला! पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढायच्या मशिनी सुरू असल्या की आगीचा भोंगा कोणाच्याच कानात शिरत नाही, म्हणून सोबत चमकणारा दिवा पाहिजे. बाजारातला येतो जेवणाच्या डब्याएवढा. कुलदीपभाऊंच्या वर्कशॉपमध्ये मी तो साबणाच्या वडीएवढा केला. चार एलईडी, वर एक भिंग, सेकंदाला एक चमक, आणि शेडमधले सगळे दिवे एकाच ठेक्यात. मागेपुढे चमकले तर माणूस गोंधळतो. मी भांडून पॉलिटेक्निक सोडलं तेव्हा सर म्हणाले होते, "तुझ्या हातून साधा बल्ब लागणार नाही." त्यांना एक दिवा भेट पाठवणार आहे. पाठवणारच.

पण हा दुसरा दिवा. पहिल्याचं तुला "चांगलं झालं" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं होतं.

पहिला मोठा होता, चांगला चौकोनी. डिसेंबरात चाचणी घेतली. दिवे चमकले, सगळ्या बाया बाहेर आल्या. एक सोडून. ती कोपऱ्यात कापसाच्या ढिगावर वाकून किडकी, पिवळी कवडी वेचून काढत होती. तिच्या डोक्यावर भिंतीला लावलेल्या दिव्याला कोणी फुलाफुलाच्या कापडाची खोळ शिवून घातली होती, नाडीसकट, घरी मिक्सरला घालतात तशी! माझं डोकं सणकलं. आत गेलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "बहिऱ्या आहात का? खरी आग असती तर जळून मेल्या असत्या ना!"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "भुसकट बसे ना बापू त्याच्यावर. नवी वस्तू खराब होईन म्हणून झाकली."

मागून एक बाई म्हणाली, "वत्सलाबाईवर काहून ओरडता जी? करुणाच्या आईले खरंच आयकू येत नाही. वीस वर्षं मशिनीजवळ गेले तिचे."

करुणा, तुझ्या आईला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कळलं, तरी मी माफी मागितली नाही. गाडीला किक मारली आणि बोरगावला आलो.

भाऊंना सांगितलं, तिची चूक नाही, झाकावासा वाटेल असा डबा मी केला. मग दिवा पातळ केला. वरची बाजू उतरती केली, म्हणजे भुसकट घसरून जाते. नाडी बांधायला काठच ठेवला नाही. चमक कुठे पाडायची ते कळेना, तर एक दिवस तुझ्या आईजवळ ढिगावर जाऊन बसलो. ती म्हणे, "काहो इंजिनेर, कवडी वेचाले आले का?" वेचली दिवसभर. मान वर होतच नाही ना! म्हणून चमक खाली वळवली. कापूस पांढरा, अख्खा ढीग लखलखते.

सोमवारी पुन्हा चाचणी झाली. तुझी आई पहिली बाहेर. मला पाहून म्हणाली, "दिवा चांगला झाला जी. बनवणाराच तोंडाचा खराब आहे." बाया हसल्या, मीही हसलो. तेव्हाही माफी नाही निघाली.

तू ज्याचं नाव घेणार तो मीच, हे तिला माहीत नाही. कळल्यावर ती नाही म्हणेल, असं वाटते. तुला माझा राग आला असेल तर नावच काढू नको, मी वाद घालणार नाही. पण काढणार असशील तर एकटी काढू नको. मी रविवारी दहा वाजता पांढुर्ण्याला तुमच्या दारात येतो. उजेडात तिच्या समोर बसतो, आणि आधी माफी, मग माझं नाव, सावकाश सांगतो. तिला माझे ओठ नीट दिसले पाहिजेत.

रविवारपर्यंत तरी तुझाच,
सुमेध