लिटरला पन्नास

चोपडा,
ता. १२ मे १९८९

आदरणीय झिपरू दाजी यांना आधारचा मनापासून जयभीम.

इकडे मी, यशोदा आणि तुमची मोटारसायकल असे तिघे नांदतो आहोत. पैकी दोघांची तब्येत उत्तम आहे. तुमची सर्दी गेली का, आणि लिलाअक्काचा गुडघा कसा आहे ते कळवावे. (मी पाठवलेलं मलम अक्का लावत असेल तर तिने डबीवरचा कागद वाचत बसू नये. मलम चांगलं आहे. कागदावर बैलाचं चित्र आहे, एवढंच.) यशोदाने अक्कासाठी बिबड्या घातल्या आहेत आणि त्या वाळेपर्यंत मला अंगणातून गाडी काढायला बंदी आहे, म्हणून हे पत्र निवांत लिहिता येत आहे.

तुमचं कार्ड पोचलं. तीन ओळीच होत्या, पण तुमच्या तीन ओळी म्हणजे कोर्टाचा निकाल. बुद्धपौर्णिमेला तुम्ही आणि अक्का येणार, गाडी लिटरला चाळीस किलोमीटर देत असेल तर माझ्याकडे राहील, देत नसेल तर तुम्ही ती घेऊन जाणार, मेहरूणचं गिऱ्हाईक पैसे घेऊन बसलं आहे. गाडी पेट्रोलवर चालते, मेहुण्याच्या गरजेवर चालत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तरीपण पुढचा मजकूर वाचण्याआधी निकालच सांगून टाकतो: परवा बुधवारी रीतसर मोजमाप घेतलं आणि ॲव्हरेज लिटरला पन्नास भरलं. चाळीस नाही, पन्नास. आता सावकाश वाचा.

तुम्ही धुळ्याच्या वर्कशॉपात जन्मभर इंजिनं उघडत आलात, तुम्हाला मी काय सांगणार? पण ही गाडी तुम्ही वनखात्याच्या लिलावात घेतलीत तेव्हाच ती डोंगरासाठी सजवलेली होती. मागच्या चाकाची साखळीची चक्री मोठी, टायरला बोटभर गोट्या, सायलेन्सर वर उचललेला. अशी गाडी नाल्यातून बोकडासारखी चढते आणि डांबरी रस्त्यावर म्हशीसारखी पिते. पहिल्यांदा मी मोजलं तेव्हा लिटरला बावीस भरलं होतं. (हे तुम्हाला कळवलं नव्हतं. आता पन्नास भरल्यावर कळवायला हरकत नाही.) चक्री लहान करून ॲव्हरेज वाढलं असतं, पण मग गाडी चोपड्याच्या बाजारात शोभली असती, वरच्या पाड्यांवर चढली नसती. आणि मला ती पाड्यांसाठीच हवी आहे.

का हवी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण मागच्या वेळी मी सांगत होतो तेव्हा तुम्ही वरण वाढून घेत होतात. पावसाळ्याआधी घटसर्पाची लस आमच्या गुरांच्या दवाखान्याने वरच्या चारही पाड्यांवर जनावरांना टोचायची असते. लस बर्फात ठेवावी लागते. बर्फ चोपड्याहून थर्मासात भरून न्यायचा. गेल्या वर्षी गाडी नव्हती. एस. टी. सोडते तिथून मी खांद्यावर थर्मास घेऊन चालत निघालो आणि तिसरा पाडा संपता संपता थर्मासात कोमट पाणी उरलं. चौथ्या पाड्यावर मी हात हलवत गेलो आणि हात हलवत परत आलो. पावसात घटसर्प आला आणि त्या पाड्यावरची अकरा जनावरं गेली. त्यांतला एक बैल धनसिंग नावाच्या माणसाचा होता. पुढे पंचनाम्याला गेलो तेव्हा त्याने मला काही म्हटलं नाही, पाणी दिलं. दाजी, तो शिव्या देता तर मला सोपं गेलं असतं.

असो. ॲव्हरेज कसं वाढवलं ते लिहितो. सुरुवात मी स्वतःपासून केली. माझी सवय अशी की गाडी एकदा चालू झाली की बंद करायची नाही. हा आपल्या आबांचा संस्कार. त्यांचं विहिरीवरचं इंजिन हँडल मारून चालू व्हायला अर्धी सकाळ जायची, म्हणून केळीला पाणी भरून होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. तसा मीही प्रत्येक गोठ्यासमोर गाडी धडधडत ठेवून आत टोचायला जायचो, चहा असेल तर चहा घ्यायचो, आणि बाहेर येऊन म्हणायचो की ही गाडी फार पिते. पुना मिस्तरीने (चोपड्यातला, माणूस चांगला, तोंड फाटकं) हे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, गाडी पेट्रोल पेत नही, तुम्हीच तिले पाजतस." त्या दिवसापासून मी थांबलो की बंद करतो. उजव्या पोटरीला त्यामुळे गोळा आला आहे. त्याला अक्काचंच मलम लावतो.

दुसरं म्हणजे वजन. इथे मोटारसायकलवर एकट्याने जाणं हा उर्मटपणा समजतात. हात न दाखवताही माणसं बसतात, आणि बसलेल्या माणसाला उतर म्हणायची आपल्या खानदेशात पद्धत नाही. एकदा मागे भिकुबाई, तिच्या मांडीवर शेळी आणि टाकीवर तिची पिशवी अशी आमची वरात आठ किलोमीटर गेली. (शेळी आजारी होती, म्हणजे तो प्रवास सरकारी कामातच मोडतो.) मी यावर उपाय केला: मागच्या सीटवर लसीची पेटी कायमची आवळून बांधली आणि पेटीत रेड्याचं औषध आहे, सांडलं तर माणसाला अंगावर खाज सुटते, असं सगळीकडे सांगितलं. आता कोणी बसत नाही. कोणी चहाही देत नाही, पण पेट्रोलच्या हिशेबाने तेही बरंच आहे.

तिसरं, पुना मिस्तरीने मागच्या चाकाचा ब्रेक मोकळा केला. तो सदान्‌कदा घासत होता, म्हणजे मी इतके दिवस ब्रेक दाबूनच फिरत होतो. हवेची जाळी धुतली. (ती यशोदाने धुतली, साबण लावून, आणि साड्यांशेजारी दोरीवर वाळत घातली.) राहिला सायलेन्सर. त्यात काजळी इतकी साचली होती की धूर आत जायला बघत होता. मिस्तरी म्हणाला, आतली नळी विस्तवात लाल करून झटका. घरात विस्तव एकच, यशोदाची चूल. नळी स्वच्छ निघाली, गाडी हलकी पळू लागली, आणि पुढचे चार दिवस आमच्या कळण्याच्या भाकरीला धुराड्याचा वास येत होता. यशोदा चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, ते इथे लिहीत नाही.

आता शेवटचा उपाय, तो पूर्णपणे माझा आहे. पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, लिटरला पन्नास सीसी, हे तुम्हीच शिकवलंत. मी ते सुईच्या मोठ्या पिचकारीने मोजून टाकतो, थेंबाचा फरक पडत नाही. पण चढावर इंजिन फार तापतं हे माझ्या लक्षात आलं. वीस वर्षं जनावरांत काढलेल्या माणसाला ताप कळतो. तापातल्या जनावराची ढेप आणि सरकी आम्ही आधी बंद करतो, तेलकट खाणं पचत नाही, ताप वाढतो. तोच नियम मी इथे लावला आणि बुधवारच्या मोजमापासाठी तेल पन्नासवरून दहा सीसीवर आणलं. शिवाय बाटलीत तेल कमी म्हणजे पेट्रोल जास्त, हा वरचा फायदा. टाकी रिकामी करून सलाईनच्या दोन बाटल्यांत बरोबर एक लिटर मोजून घेतलं, बाटल्या हँडलला टांगल्या, नळी थेट कार्बोरेटरला जोडली, मीटरचा आकडा तळहातावर लिहिला, आणि थर्मास भरून सकाळी सहाला निघालो.

पहिले दोन पाडे झपाट्याने झाले. त्यानंतर तर गाडी इतकी शांत चालली की इंजिनाचा आवाजसुद्धा येत नव्हता. वेग थोडा कमी होता, पण धक्के नाहीत, धूर नाही, आजूबाजूचं रान पाहत जाता आलं. अडचण एवढीच झाली की पाड्यावरची माणसं फटफटीचा आवाज ऐकून जनावरं बांधतात, आणि आवाजच नसल्याने मला तिसऱ्या पाड्यापर्यंत सारखा हॉर्न वाजवत जावं लागलं. तिसरा पाडा झाला. चौथा पाडा झाला. शेवटची कालवड टोचली तेव्हा थर्मासात लिंबाएवढा बर्फ शिल्लक होता. मी तो खडा हातावर घेऊन उभा राहिलो आणि दाजी, मला सगळ्यांदेखत रडू आलं. घाम पुसतोय असं दाखवलं. कोणाला पटलं नसावं.

तिथेच उभं राहून मोजमाप केलं. मीटरवर चाळीस किलोमीटर पडले होते. बाटल्यांत दोनशे सीसी शिल्लक होतं, म्हणजे खर्च आठशे. आठशेत चाळीस, तर हजारात पन्नास. आकडे पंचांसमक्ष घेतले आहेत आणि कागदावर चार अंगठे आहेत. तेव्हा तुमच्या अटीप्रमाणे गाडी माझ्याकडे राहायला हरकत नसावी.

अक्काला यशोदाचा आणि माझा जयभीम. येताना उन्हाची वेळ टाळा.

तुमचा,
आधार

ता. क. पत्र यशोदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पंचांसमक्ष खोटं बोललं तरी ते खोटंच. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही, पण एक गोष्ट लिहायची राहिली. त्या चाळीसपैकी चोवीस किलोमीटर गाडी इंजिनावर चालली आणि सोळा किलोमीटर बैलांवर. दुसऱ्या पाड्याच्या पुढच्या चढावर इंजिन एकदम गच्च झालं, किक जागची हलेना. धनसिंग खालच्या शेतातून नुसती जोडी घेऊन घरी चालला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मरनी का?" मी म्हटलं, तापली आहे. तो म्हणाला, "गयेसाल मना बैलले तुमनं औसद मिळनं नही. औंदा मीच तुमले लई जास." त्याने जुवाला दोर बांधला, मी थर्मास पोटाशी धरून हँडल सांभाळलं. मीटरची तार पुढच्या चाकाला असते हे तुम्हाला माहीतच आहे. चाक फिरलं की आकडा पडतो, ओढतंय कोण हे तो विचारत नाही.

ता. क. दुसरा. तेव्हा खरा हिशेब असा: आठशे सीसीत चोवीस, म्हणजे लिटरला तीस. बावीसवरून तीसवर आलो हे खरं आहे, आणि मोठी चक्री ठेवून डोंगरात याच्यावर कोणी नेईल असं पुना मिस्तरीला वाटत नाही. तेलाबद्दल त्याचं मत मी विचारलं. तो म्हणाला, "गाडीले ताप नही येत साहेब, तेल नही मिळनं म्हनीसन ती अडकनी." तुम्हीही हेच म्हणाल, फक्त जास्त वेळ.

ता. क. तिसरा, आणि हेच खरं पत्र. बुद्धपौर्णिमेला येताना धुळ्याहून पुढच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घेऊन या, सिलिंडर घासावा लागेल, तेव्हा दोन दिवसांची रजाही टाका. मेहरूणच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. तुमच्या चाळीसला माझे दहा कमी पडतात हे मला कबूल आहे. ते दहा किलोमीटर मी दर खेपेला पायी चालायला तयार आहे, दाजी. बर्फ तेवढा थांबायला तयार होत नाही.