सातव्या घराचं आडनाव

जामखेड, गुरुवार

प्रिय सुकन्या,

तीन दिवस झाले, तू माझा एकही फोन उचलला नाहीस. चूक माझीच. मी ओरडलो. फोनवर माझं असंच होतं, शब्द पुढे पळतात आणि डोकं मागून धापा टाकत येतं. म्हणून कागद घेतलाय. गॅरेजवाल्या गनीभाईंची पोरगी तमन्ना उद्या सकाळच्या एसटीनं राहुरीला हॉस्टेलवर परत येतेय, तिच्या हाती देतो. उघडणार नाही अशी शपथ घेतलीय तिनं. तरी "लई जाड झालंय, आत टेम्पोची कागदपत्रं हायेत का?" असं विचारलंच. मंगळवारी जत्रा. त्याच्या आत हे तुझ्या हातात पडलं पाहिजे. का, ते शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर पुढचं हातून उतरणार नाही.

तुझा शेवटचा मेसेज मला पाठ झालाय. 'जत्रेत सगळ्या गावासमोर फोटो दाखवते, मग बघू आपल्याला बहीण-भाऊ कोण म्हणतं.' पहिल्यांदा वाचला तेव्हा मी टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला आणि एकटाच हसलो. आता तोच मेसेज वाचला की जेवण जात नाही. गनीभाई म्हणतात, तुला कावीळ झाली, डोळे दाखव.

आपलं सगळं या आडनावापाशीच अडलं ना गं. तू सातपुते, मी सातपुते. एका बाईचे सात मुलगे, त्यांची सात घरं. तुमचं दुसरं, आमचं सातवं. आडनाव एक म्हणजे भाऊकी, भाऊकी म्हणजे रक्त, विषय संपला. शाळेत राखीपौर्णिमेला भाऊकीतल्या सगळ्या पोरी रांगेनं राख्या बांधायच्या. नववीत तू माझ्यापाशी आलीस आणि "संपल्या" म्हणालीस. तुझ्या कंपासपेटीत हिरवी राखी मला दिसत होती. त्या दिवशी माझं मनगट रिकामं राहिलं, आणि तेवढ्यानं मी आठवडाभर सायकलवरून हात सोडून फिरलो.

आणि याच आडनावापायी कॉलेज सुटलं. संगमनेरला हजेरी चालली होती, मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सातपुते, बाकीचे सहा कुठं गहाण टाकले?" सगळे हसले, मीही हसलो. मग तो सातव्याच्या आईबद्दल बोलला. त्याचं नाक फुटलं आणि माझं दुसरं वर्ष तिथंच राहिलं. माफी लिहून दे म्हणाले, मी दिली नाही. तू किती रागावली होतीस! मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, आपल्या नावाला बोललेलं मी ऐकून घेणार नाही. आपल्या नावाला. ते आठवलं की आता कानशिलं तापतात.

तुझ्या तात्यांनी दिवाळीत "ती तुझी बहीण हाय, लाज धर" म्हणून मला दारातून परत लावलं, तेव्हापासून मी एकच धरून बसलो होतो. दुसऱ्या आणि सातव्या घरात किती पिढ्यांचं अंतर पडलं ते कागदावर काढायचं. सध्या जातीच्या दाखल्यांसाठी जो तो जुनी रजिस्टरं उपसतोय, त्यामुळे शाळेतल्या क्लार्कला काही वाटलं नाही. मला फक्त पणजोबाचं नाव हवं होतं, म्हणजे तिथून वर मोजता आलं असतं. पान उघडलं तर आजोबांच्या ओळीत मास्तरांनी निळ्या शाईनं लिहिलेलं, 'पुंजा. वय अंदाजे सहा. आडनाव ठाऊक नाही. आई ऊसतोड टोळीत मयत.' आणि त्यावर मागाहून लाल शाईनं, 'कडूबाई भ्रतार राणू सातपुते हिचे पालन. पुंजाराम राणू सातपुते असे वाचावे.' मी फोटो काढला आणि काही विचार न करता तुला पाठवून दिला. तिथंच चुकलो. आधी वाचायला हवं होतं, सुकन्या. मी नुसतं बघितलं होतं.

वाचलं ते भीमाबाईच्या ओट्यावर. ती नव्वदीला टेकलीय, पण कडूबाईचं नाव काढल्यावर टवटवीत झाली. कडूबाईच्या आधीच्या तीन बहिणी पाळण्यातच गेल्या, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं म्हणून. मरणानं थुंकलं खरं, पण नवरा नेला आणि पोटी काही ठेवलं नाही. सातवं घर बंद पडलं. जत्रेत भैरोबापुढं सात घरांची सात ताटं लागतात, सातवं लागल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. तीन वर्षं ते ताट रिकामं मांडलं आणि तीन वर्षं पाऊस हुकला, असं भीमाबाई म्हणते. मग कडूबाई प्रवरेकडच्या कारखान्यावर ऊस तोडायला गेली आणि येताना एक पोरगं घेऊन आली. शेजारच्या खोपीतली बाई तापानं गेली, तिचं. कुठली टोळी, कुठलं गाव, पोराला सांगता येईना. पुंजा एवढंच सांगायचं. "आन् आमी ईचारलं न्हाई," भीमाबाई म्हणाली, "ईचारलं आसतं तर ठिवून घेता आलं नसतं."

त्या वेळी मला यात फक्त आपलं लग्न दिसलं. तडक तुझ्या घरी गेलो. तात्या शेळीला पाला टाकत होते. मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. हे तुला सांगितलं नव्हतं. तात्यांनी फोटोकडं पाहिलंसुद्धा नाही. "मला काय दावतो? सहा घरांनी बेलभंडार उचलून कडूबाईला शब्द दिलाय, पोराला कधी टोचून बोलायचं न्हाई आन् पोराच्या पोराला कळू द्यायचं न्हाई. गावातल्या समद्या म्हाताऱ्यांना ठावं हाय. ठावं न्हाई ते एकट्या सहादेवला. तुझ्या बापाला." मी म्हणालो, मग भाऊकी राहिली नाही, द्या पोरगी. ते शांतपणे हात झटकून उभे राहिले. "कुनाला दिऊ? सातपुत्याला म्हनशील तर ती तुझी बहीण. सातपुते न्हाईस म्हनशील तर तू कोन? गाव कोन्तं, कुळ कोन्तं, देवक कोन्तं? सांग, आत्ता सुपारी फोडतो."

मी मोबाईल खिशात घातला आणि टेम्पो काढला, सुकन्या. रजिस्टरमध्ये जे नाही ते मी कुठून आणू?

गनीभाईंना सगळं नाही, अर्धंच सांगितलं. ते म्हणाले, "आमचं आडनाव बागवान, आन् तीन पिढ्यांत झाडाला पाणी घातलंय तर शपथ. समदे गॅरेजवाले. पन कुनी म्हनलं तुमी बागवान न्हाई, तर पाना घिऊन मागं लागंन मी." त्यांना हसू आलं, मला नाही.

परवा आप्पा अंगणात चिंचेनं जत्रेचं ताट घासत बसले होते. तुला माहीत आहे, वर्षभर ते ताट कुणालाच शिवू देत नाहीत, आईलासुद्धा. मला हाक मारली. गुडघा धरलाय, या वर्षी ताट तू न्यायचंस, म्हणाले. मग डोक्यावर चुंबळ कशी ठेवायची, पायरीवर आधी कुठला पाय, सगळं दाखवलं. आणि सातही मुलांची गोष्ट पुन्हा एकदा. थोरला शहाणा, दुसरा हिशेबी, आणि सातवा सगळ्यात आडमुठा, पाटलाशी भांडून गाव सोडून गेलेला आणि आईच्या हाकेसरशी परत आलेला. "त्याचंच रगत हाय तुझ्यात," म्हणाले. "तू कालेज सोडून आला तवा समदे म्हनले, सहादेव, पोरगं वाया गेलं. मी म्हनलं, वाया न्हाई, सातव्यावर गेलंय." दोन वर्षं माझ्याशी धड न बोललेला माणूस मला अशी माफी देत होता. ज्या रक्ताच्या नावावर देत होता, ते त्यांच्यात नाही, माझ्यात नाही. मी मान हलवली आणि त्यांच्या हातातली चिंच घेऊन ताट घासत राहिलो.

म्हणून हे पत्र. तो फोटो दाखवू नकोस, सुकन्या. मंगळवारी नाही, कधीच नाही; फोनवर हेच मी कारण न सांगता ओरडलो होतो. तू माझ्यासाठी लढायला निघालीस आणि मीच तुझ्या हातातलं हत्यार मागतोय, मला कळतंय. पण मी तुला सोडत नाहीये. गनीभाईंच्या ओळखीच्या वकिलाला नगरला भेटून आलो. कायद्याला एक आडनाव चालतं, तो जवळचं नातं तेवढं बघतो. जत्रा झाली की आपण नोंदणी करू, सातपुते आणि सातपुते म्हणूनच. गाव थुंकेल. भाऊकीत लग्न केलं म्हणतील, बहिणीला पळवली म्हणतील, आणि ज्या म्हाताऱ्यांना खरं माहीत आहे तेही शब्दाला बांधलेले, गप्प बसतील. आप्पा कदाचित माझं तोंड पाहणार नाहीत. चालेल. पोरगं वाईट निघालं, हे बापाला कधीतरी पचतं. आपण कुणाचेच नाही, हे या वयात त्यांना पचायचं नाही. मला भीती वाटते ती तुझ्या वाट्याची. खरं तुझ्या खिशात असताना तुला आयुष्यभर तो डाग सोसावा लागेल, आपल्या पोरांनाही सांगता येणार नाही. एवढं मागायचा मला हक्क आहे का, माहीत नाही. नाही म्हणालीस तर ओरडणार नाही, हे या वेळी कागदावर लिहून देतो. माझ्या मोबाईलमधला फोटो मी आज पुसला. रजिस्टर उपसणारे आपापलीच ओळ बघतात, आमची कुणी वाचणार नाही. मंगळवारी ताट माझ्या डोक्यावर असेल, आप्पा शेजारी लंगडत चालत असतील आणि तू बायकांच्या रांगेत असशील. तेव्हा तो फोटो फक्त तुझ्याजवळ असेल.

तू ठेवशील त्या नावाचा, पण तुझाच,
कल्याण